कॅम्पर व्हॅनमधला ओटा : आत, मागे की नकोच?

कॅम्पर व्हॅनने न्यूझीलंडचं दक्षिण बेट फिरायचं असं ठरवणारी मराठी कुटुंबं आता बरीच भेटतात. तिथे गाडी डाव्या बाजूनेच चालवायची, पाट्या इंग्रजीत, वाहतूक विरळ. त्यामुळे चालवण्याचं फारसं दडपण नसतं. घोडं अडतं ते गाडी निवडताना. किती जण झोपू शकतील, गाडी किती लांब आहे, भाडं किती, हे यादी पाहून लगेच कळतं. पण स्वयंपाकघर आत असलेली गाडी घ्यायची, मागच्या दाराशी ओटा असलेली घ्यायची, की नुसती झोपायची सोय असलेली गाडी घेऊन शेगडी वेगळी न्यायची, यावर घरात एकमत होत नाही. आणि चर्चा फिरत राहते ती शेगडीभोवती. बर्नर एक की दोन, गॅस की वीज?

माझ्या मते शेगडी हा या प्रश्नातला सगळ्यात सोपा भाग. ती पिशवीत घालूनही नेता येते. पाणी किती आहे आणि वापरलेलं पाणी जाणार कुठे, वाफ कुठून बाहेर पडणार, आणि रात्री गाडी उभी कुठे करणार, या तीन गोष्टींवर ओट्याचा निर्णय व्हायला हवा.

हा प्रश्न कॅम्पर व्हॅनइतकाच जुना आहे. फोक्सवॅगनची डब्यासारखी व्हॅन १९५० मध्ये आली आणि लगोलग जर्मनीतल्या वेस्टफालिया कंपनीने तिच्यासाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. बैठक, झोपायची सोय, टेबल, कपाट असा सगळा संच गाडीत चढवायचा आणि काम झालं की उतरवून ठेवायचा. एकच गाडी आठवडाभर माल वाहायची आणि सुटीत घर व्हायची. म्हणजे मूळ कल्पना काढता-घालता येणाऱ्या सामानाची होती. पक्कं बसवलेलं फर्निचर नंतर आलं. फोक्सवॅगनच्या ‘कॅलिफोर्निया’ मालिकेत ही दुफळी नावानिशी दिसते. ‘ओशन’ या मॉडेलमध्ये गॅसशेगडी, सिंक, फ्रीज असं पूर्ण स्वयंपाकघर. ‘बीच’मध्ये ओटा नाही, त्याऐवजी माणसांना आणि सामानाला मोकळी जागा.

युरोपच्या कायद्याने मात्र एका बाजूला झुकतं माप दिलं आहे. तिथे ‘मोटर कॅराव्हॅन’ म्हणून गाडीची नोंद व्हायची तर तिच्यात बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, सामानाची कपाटं आणि स्वयंपाकाची सोय या चारही गोष्टी लागतात, आणि टेबल सोडून बाकी सगळं गाडीला पक्कं बसवलेलं लागतं. म्हणूनच पुढे ‘बीच’ची एक आवृत्ती अशी आली, जिच्यात मागच्या बाजूला ओढून बाहेर काढायची छोटी एका बर्नरची शेगडी होती. कॅलिफोर्नियाच्या २०२४ च्या नव्या पिढीत ओटा आखूड झाला, सरकती दारं दोन्ही बाजूंना आली आणि ओट्यावरच्या वस्तू बाहेर उभं राहूनही हाताशी येऊ लागल्या. गाडीत राहणारी माणसं शक्य असेल तेव्हा बाहेरच स्वयंपाक करतात, हे बनवणाऱ्यांनीही मान्य केलं असा मी त्याचा अर्थ घेतो.

न्यूझीलंडमध्ये भाड्याने मिळणाऱ्या गाड्या ढोबळमानाने तीन थरांच्या. सगळ्यात लहान म्हणजे टोयोटा एस्टिमासारख्या कौटुंबिक गाडीचं रूपांतर. आत फक्त गादी, आणि मागचं दार वर उचललं की त्याच्या सावलीत एक छोटा ओटा, सिंक आणि शेगडी. मधल्या थरात टोयोटा हायएससारख्या उंच छताच्या व्हॅन. त्यांत वाकून का होईना, आत उभं राहता येतं आणि ओटा आतल्या बाजूला असतो. त्यावर मर्सिडीज स्प्रिंटर किंवा फोक्सवॅगन क्राफ्टरवर बांधलेल्या मोठ्या गाड्या. त्यांत शेगडी, फ्रीज, सिंक, शौचालय, बऱ्याचदा शॉवरसुद्धा. नुसती गादी असलेल्या गाड्याही मिळतात. त्यांच्याबरोबर शेगडी आणि भांड्यांची पेटी वेगळी घ्यायची.

यात तिथल्या कायद्याचा भाग समजून घेतला पाहिजे, कारण सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या जागेवर फुकट मुक्काम करण्याचं आकर्षण सगळ्यांनाच असतं. याला तिथे ‘फ्रीडम कॅम्पिंग’ म्हणतात. २०११ च्या कायद्याने ते चालतं, आणि २०२३ मध्ये गाड्यांविषयीचे नियम कडक झाले. अशा बहुतेक जागी ‘सेल्फ कंटेन्ड’ असं प्रमाणपत्र असलेलीच गाडी चालते. म्हणजे तीन दिवस बाहेरच्या कुठल्याही सोयीशिवाय राहता येईल अशी. तिच्यात पक्कं बसवलेलं शौचालय हवं. पूर्वी पलंगाखाली ठेवलेल्या सुट्या शौचालयावर भागायचं, ते आता चालत नाही. शिवाय पलंग अंथरलेला असतानाही ते वापरता आलं पाहिजे. सिंक हवं, माणशी दिवसाला चार लिटर या हिशोबाने तीन दिवसांचं पाणी हवं, सांडपाण्याची बंद टाकी हवी, झाकणाचा कचऱ्याचा डबा हवा. नियम मोडला तर दंड शेकडो डॉलरमध्ये.

या यादीत शेगडीवर भर नाही. भर आहे तो पाण्यावर आणि घाणीवर. कारण निसर्गाची खरी नासाडी तिथेच होते, आणि म्हणून मला हा नियम अतिशय शहाणपणाचा वाटतो. पण त्याचा एक परिणाम ओट्यावर होतो. लहान गाडीत शौचालयाला कायमची जागा दिली की आत ओट्याला जागा उरत नाही; तो मागच्या दाराशी सरकतो. त्यामुळे लहान गाडी आणि आतलं स्वयंपाकघर हे दोन्ही एकदम मागू नका.

आता पाण्याचा हिशोब मांडू. दोघांची गाडी, म्हणजे तीन दिवसांना २४ लिटर. चहा धरून दोघांचं पिण्याचं पाणी दिवसाला चार लिटर धरलं तर १२ लिटर तिथेच गेले. उरलेल्या १२ लिटरचे दिवसाला चार. त्यात तांदूळ दोनदा धुवायचे, लिटरभर गेला. भात आणि आमटीला आणखी लिटरभर. उरले दोन लिटर; त्यात दोन पातेली, कढई, ताटल्या, कप, हात धुणं आणि दात घासणं. पाव, चीज आणि कापलेली फळं खाणाऱ्याला हे पाणी पुरून उरतं, आपल्या जेवणाला ते काटेकोर पडतं. त्यावर उपाय आहेत. ताटल्या धुण्याआधी कागदाने स्वच्छ पुसून घ्यायच्या, म्हणजे तेल आणि हळद सांडपाण्याच्या टाकीत जात नाही आणि टाकीला वास येत नाही. कुकरमध्ये भात-डाळ एकदम लावायची. तांदळाचं धुवण फेकायचं नाही, त्यातच पहिली खरकटी भांडी भिजवायची. मोठ्या गाडीची टाकी मोठी असते हे खरं, पण दर दोन-तीन दिवसांनी भरायची आणि सांडपाणी ‘डम्प स्टेशन’वर रिकामं करायचं काम तिथेही चुकत नाही. सांडपाणी झाडाच्या बुंध्याशी ओतणं हा आपल्याकडचा सहज प्रकार तिथे गुन्हा आहे.

पाण्यानंतर वाफ. याचा विचार भाड्याच्या गाडीत राहायला गेलेले फारच थोडे लोक करतात, आणि पहिल्या थंड सकाळी काचांवरून ओघळ वाहताना दिसतात. लहान व्हॅनच्या आतली हवा साधारण सहा घनमीटर असते. पंधरा अंश तापमानाला एवढी हवा फार तर पाऊणशे-ऐंशी ग्रॅम बाष्प धरून ठेवू शकते, आणि त्यातलं बरंचसं बाहेरच्या हवेबरोबर आधीच आलेलं असतं. झाकण न ठेवता भात शिजवला तर पाव लिटर पाण्याची वाफ सहज होते. शिवाय गॅस जळतानाच पाणी तयार होतं. एक किलो ब्युटेन जळलं की साधारण दीड किलो पाण्याची वाफ बाहेर पडते. ही सगळी वाफ थंड काचेवर, पत्र्यावर आणि गादीच्या खालच्या बाजूला जाऊन बसते. झोपेत दोन माणसांच्या श्वासातून रात्रभर जे बाष्प येतं ते वेगळंच. दोन रात्रींत गादी दमट लागायला लागते. छतात पंखा असलेल्या गाडीत हे बरंच आटोक्यात राहतं. म्हणून आत ओटा असलेली गाडी घेणार असाल तर छताला हवा बाहेर फेकणारा पंखा आहे का, हे बर्नरच्या संख्येआधी विचारा.

आणि फोडणी. तेल दोनशे अंशांच्या आसपास तापतं, मोहरी तडतडते, हिंग पडतो, आणि तेलाचे डोळ्यांना न दिसणारे कण हवेत उडतात. घरात ते चिमणीत जातात, नाही तर ओट्यामागच्या टाइल्सवर बसतात. व्हॅनमध्ये शेगडीपासून हातभर अंतरावर पडदा असतो, दोन हातांवर उशी. हे कापड धुऊन वाळवायची सोय प्रवासात नाही. पुढचे सगळे दिवस लसणाच्या फोडणीचा वास उशीला येत राहतो, आणि गाडी परत करताना साफसफाईचे जादा पैसे लागतात ते वेगळे. आगीचा धोकाही खरा आहे. तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी कधीही टाकायचं नाही. शेगडी बंद करून कढईवर झाकण दाबायचं. माझा स्पष्ट सल्ला असा की ओटा आत असो वा मागे, फोडणी बाहेरच करावी, किंवा चटणी-मसाला तेलात परतून पहिल्या दिवशीच बाटलीत भरून ठेवावा आणि तो शिजलेल्या डाळीत कालवावा. चवीत फारसं काही जात नाही.

हे सगळं वाचून मागच्या दाराशी असलेला ओटाच उत्तम असं वाटेल. पुष्कळ ठिकाणी तो आहेच. डिसेंबर-जानेवारीत क्वीन्सटाऊनच्या बाजूला रात्री नऊनंतरही उजेड असतो, तळ्याच्या काठी दार उघडून निवांत स्वयंपाक करता येतो, ओणवं व्हावं लागत नाही, वाफ आणि वास आभाळात जातात. पण दक्षिण बेटाचा पश्चिम किनारा आणि फियॉर्डलँड हा प्रदेश वेगळा. मिलफर्ड साउंडला वर्षाला सहा मीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्या आंबोली-महाबळेश्वरच्या तोडीचा, पण तो बाराही महिने पडतो. मागचं दार वर उचललं की डोक्यावर छप्पर होतं खरं. वाऱ्याबरोबर तिरका येणारा पाऊस मात्र थेट पातेल्यात आणि मागून गादीवर.

त्याहून वाईट म्हणजे सँडफ्लाय. माओरी भाषेत ‘नामू’. दोन-तीन मिलिमीटरची काळी माशी, वाहत्या पाण्याच्या आसपास वाढणारी. फक्त माद्या चावतात, अंड्यांसाठी त्यांना रक्त लागतं. कॅप्टन कुकने १७७३ मध्ये डस्की साउंडला मुक्काम केला तेव्हा त्याच्या माणसांना यांनी हैराण केलं होतं, आणि त्याने तसं लिहून ठेवलं आहे. चावल्यावर दोन-दोन आठवडे खाज राहते. चालत्या माणसाला त्या कमी त्रास देतात, एका जागी उभ्या असलेल्याला सोडत नाहीत, आणि स्वयंपाक करणारा माणूस तर एकाच जागी उभा असतो. संध्याकाळ ही त्यांची जोराची वेळ. पूर्ण अंधार पडला की त्या थांबतात. मागचं दार अर्धा तास उघडं ठेवलं की त्या आत गादीपर्यंत पोचतात. टे आनाऊ ते मिलफर्ड या रस्त्यावर मुक्काम करणार असाल तर आत उभं राहून निदान चहा आणि सूप करता येईल अशी गाडी असणं हे सुख आहे. मागे ओटा असेल तर त्या भागातलं रात्रीचं जेवण दुपारीच, मोकळ्या वाऱ्याच्या जागी करून डब्यात भरून ठेवायचं.

गॅसविषयी थोडक्यात. लहान गाड्यांबरोबर मिळते ती २२० ग्रॅमच्या ब्युटेनच्या डब्यावर चालणारी सपाट शेगडी. एका डब्यात साधारण बारा-चौदा वेळा लिटरभर पाणी उकळतं, वारा नसेल तर. ब्युटेन शून्याच्या जरा खाली द्रवच राहतं, त्याचा गॅस होत नाही. शिवाय जळताना डबा आणखी थंड होत जातो. त्यामुळे जून ते ऑगस्टमध्ये टेकापोसारख्या ठिकाणी सकाळी दव गोठलेलं असताना ही शेगडी मान टाकते. मोठ्या गाडीतल्या टाकीत एलपीजी असतो, त्यातलं प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत गॅस होत राहतं. आणखी एक धोका खास आपल्यासाठी. भाकरीचा किंवा डोशाचा मोठा तवा या सपाट शेगडीवर ठेवला तर त्याची कड शेजारच्या डब्याच्या कप्प्यावर येते, उष्णता डब्यावर परतते आणि डबा फुटू शकतो. तवा शेगडीच्या जाळीपेक्षा फार मोठा नको. आणि ही शेगडी बंद गाडीत पेटवायची नाही, ऊब मिळवायला तर मुळीच नाही. अपुऱ्या हवेत गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतला माणूस उठत नाही.

विजेवर स्वयंपाक करावा का? बॅटरीवर नको. बारा व्होल्टच्या बॅटरीवर १,८०० वॉटची इंडक्शन चालवायची म्हणजे दीडशे अँपिअर विद्युतप्रवाह. त्यासाठी जाड केबल आणि मोठा इन्व्हर्टर लागतो, आणि तो साध्या भाड्याच्या गाडीत नसतो. पण हॉलिडे पार्कच्या, म्हणजे पैसे देऊन राहायच्या तळाच्या, ‘पॉवर्ड साइट’वर गाडीला २३० व्होल्टची जोडणी मिळते, म्हणजे आपल्याकडचीच वीज. फक्त पिनेचा आकार वेगळा, त्याला अडॅप्टर लागतो. घरचा छोटा इलेक्ट्रिक कुकर सोबत नेला तर भात आणि खिचडीचा प्रश्न तिथेच सुटतो.

या हॉलिडे पार्कमुळे माझं मत बनलं आहे. न्यूझीलंडभर ते पसरलेले आहेत आणि बहुतेकांत सगळ्यांसाठी एक मोठं स्वयंपाकघर असतं. शेगड्या, सिंकच्या रांगा, गरम पाणी, फ्रीज. तिथे पोळ्या लाटायला हवी तेवढी जागा मिळते. आपल्या फोडणीच्या वासाने शेजारचं जर्मन कुटुंब चौकशीला येतं आणि ओळखी होतात. निसर्गसंवर्धन खात्याच्या, म्हणजे ‘डॉक’च्या तळांचे मात्र प्रकार आहेत. ‘सर्व्हिस्ड’ तळावर स्वयंपाकाची सोय असते. साध्या तळांवर शौचालय आणि थोडंफार पाणी, एवढंच.

तेव्हा नकाशावर मुक्काम आधी मांडा आणि गाडी नंतर निवडा. बहुतेक रात्री हॉलिडे पार्कमध्ये काढणार असाल तर आतल्या ओट्याचे जादा पैसे देऊ नका. नुसती गादी असलेली किंवा मागे ओटा असलेली गाडी, एक चांगली सुरी, तीन लिटरचा कुकर आणि थंड पेटी पुरे. या पेटीला तिथे ‘चिली बिन’ म्हणतात आणि बर्फ पेट्रोलपंपावर मिळतो. दोघंच असाल, उन्हाळ्यात जाणार असाल आणि अधूनमधून डॉकच्या तळावर राहणार असाल, तर मागचा ओटा सर्वात चांगला. सोबत लहान मूल असेल किंवा सत्तरीतले आईवडील असतील, तर आत ओटा असलेली मोठी गाडीच घ्या. रात्री दोनला दूध गरम करायला किंवा गोळीबरोबर कोमट पाणी द्यायला पावसात मागचं दार उघडणं कुणालाच जमत नाही. पश्चिम किनाऱ्याला जास्त दिवस देणार असाल, किंवा थंडीत जाणार असाल, तरीही उत्तर तेच.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे गणित जसंच्या तसं इकडे लावू नये. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि तेव्हापासून स्वतःची व्हॅन बनवून घ्यायचा विचार अनेकांच्या मनात आहे. पण कोकणात किंवा देशावर दर थोड्या अंतरावर गरम जेवण मिळतं, आणि वाटेत खरी टंचाई असते ती पिण्याच्या पाण्याची आणि स्वच्छ शौचालयाची. इथे मी पैसे पाण्याच्या टाकीवर घालीन, ओट्यावर नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, म्हणून पक्का ओटा आणि गॅसची टाकी बसवण्याआधी आरटीओत विचारणं भाग आहे. सुट्या पेटीतलं स्वयंपाकघर त्यापेक्षा कितीतरी सोपं.

न्यूझीलंडला निघताना मसाले, डाळी, पापड जे काही नेत असाल ते विमानतळावरच्या अर्जात लिहा. न लिहिलेलं सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड होतो. मध तर नेऊच नका. बाकी किराणा ऑकलंडच्या सँड्रिंगहॅम भागात आणि मोठ्या शहरांतल्या भारतीय दुकानांत मिळतो. दोन्ही बेटं करणार असाल तर वेलिंग्टन ते पिक्टन फेरीबोटीने साडेतीन तास लागतात. तिकीट गाडीच्या लांबीवर ठरतं, त्यामुळे आतल्या ओट्याची किंमत तिथे पुन्हा मोजावी लागते. बोटीवर गॅसच्या टाकीची चावी बंद ठेवणं सक्तीचं आहे. ती चावी कुठे आहे, सांडपाण्याची टाकी कुठून रिकामी होते, तिची नळी गाडीत आहे का, आणि गॅसचा व कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारी यंत्रं बटण दाबल्यावर वाजतात का, हे गाडी ताब्यात घेतानाच तिथल्या माणसाकडून करून दाखवून घ्या.